स्लॅबमधून वायरिंगचे पाइप टाकताना: नियम, क्रम आणि नेहमीच्या चुका

पुण्याच्या आसपास धायरी, मांजरी, वाघोली या भागांत बंगल्यांची आणि छोट्या इमारतींची कामं जोरात चालू आहेत. या कामांवर एक चूक पुन्हा पुन्हा दिसते. स्लॅब उद्या सकाळी भरायचा असतो, आणि वायरमनला आज संध्याकाळी बोलावलेलं असतं. तोपर्यंत सळयांची वरची जाळी बांधून झालेली असते. मग वायरमन सळया वाकवून खाली पाइप सरकवतो, जिथे जागा नाही तिथे एकावर एक तीन पाइप चढवतो आणि पंख्याचा बॉक्स बसत नाही म्हणून सळईच कापतो. सकाळी माल (काँक्रीट) पडतो आणि सगळं झाकलं जातं. तीन महिन्यांनी वायर ओढायला गेलं की निम्मे पाइप बंद निघतात. त्याच्या कितीतरी आधी पाइपांच्या रेषेत छताला तडा दिसायला लागलेला असतो.

स्लॅबमधला पाइप ही आधी बांधकामाची बाब आहे, विजेची नंतर. स्लॅबच्या जाडीवर पहिला हक्क सळईचा आणि काँक्रीटचा. उरलेल्या जागेत पाइप बसवायचा, आणि ती उरलेली जागा किती हे सळई येण्याआधी कागदावर मोजायचं. खालचे सगळे टप्पे याच क्रमाने आहेत. क्रम बदलला की पुढच्या टप्प्याला अर्थ राहत नाही.

कोणता नियम कुठे लागतो

महाराष्ट्राची २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली इमारतीतल्या विद्युत कामासाठी राष्ट्रीय इमारत संहितेच्या आठव्या भागाकडे बोट दाखवते. घरातल्या वायरिंगची पद्धत आयएस (भारतीय मानक) ७३२ मध्ये आहे, पाइपांचं मानक आयएस ९५३७ मध्ये, वायरींचं आयएस ६९४ मध्ये आणि अर्थिंगचं आयएस ३०४३ मध्ये. सळई, कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा संरक्षक थर) आणि काँक्रीट यांचा कायदा म्हणजे आयएस ४५६. सुरक्षेचे बंधनकारक नियम केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे आहेत, त्यांची चालू आवृत्ती २०२३ ची. परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच काम करून घ्यायचं, ही अट तिथूनच येते.

पाइप स्लॅबच्या तुलनेत किती जाड चालेल, याचे दोन ठोकताळे आरसीसी कन्सल्टंट (सळई-काँक्रीटची रचना ठरवणारे इंजिनिअर) वापरतात. पाइपाचा बाहेरचा व्यास स्लॅबच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको, आणि शेजारच्या दोन पाइपांच्या मध्यांतलं अंतर व्यासाच्या तिप्पट तरी हवं. हे दोन्ही अमेरिकन एसीआय ३१८ या संहितेच्या २०११ च्या आवृत्तीत लिहिलेले आहेत. तुमच्या कन्सल्टंटने याहून कडक अट घातली असेल तर तीच पाळा, कारण स्लॅबची जबाबदारी त्याच्या सहीवर आहे.

टप्पा १ : सगळं आधी कागदावर

आधी फर्निचरचा नकाशा, मग पॉइंटचा नकाशा. पलंग कुठे, ओटा कुठे, टीव्ही कोणत्या भिंतीवर, एसी कुठे, हे न ठरवता पॉइंट ठरवले की नंतर छतातून उतरलेला पाइप कपाटामागे जातो. मग माणसं नव्या जागी पॉइंट नेण्यासाठी छताला झिरी (पाइपासाठी खाच) मारतात, आणि खरं नुकसान तिथे सुरू होतं.

पॉइंट ठरले की सर्किट मोजा. दिवे-पंखे एका पाइपातून, पॉवरचे पॉइंट वेगळ्या पाइपातून, आणि इंटरनेट, टीव्ही, कॅमेरे यांच्या केबलला पूर्ण स्वतंत्र पाइप. प्रत्येक एसीला, गिझरला आणि ओव्हनला आपापलं सर्किट. हे मोजलं की डीबीपाशी (वीज वाटणाऱ्या मुख्य पेटीपाशी) एकूण किती पाइप येणार ते कळतं. तिथेच गर्दी होते, म्हणून हा आकडा आधी हातात हवा.

आता पाइपांचे मार्ग आर्किटेक्टच्या नकाशावर नाही, तर स्लॅबच्या सळईच्या नकाशावर आखा. त्यात पुढचा हिशेब करा.

समजा स्लॅब १२५ मिमीचा आहे, पुण्यात बंगल्यांना साधारण हीच जाडी असते. खालचं कव्हर २० मिमी. खालच्या जाळीत ८ मिमीच्या आडव्या आणि उभ्या सळया, म्हणजे १६ मिमी. वर जिथे जाळी आहे तिथे पुन्हा २० आणि १६. एकूण ७२ मिमी गेले, उरले ५३. आता २५ मिमीचे दोन पाइप एकमेकांवरून गेले तर ५० मिमी संपतात. तिसरा पाइप त्याच जागी आला तर एकतर वरची जाळी उचलली जाते आणि वरचं कव्हर संपतं, किंवा पाइप खालच्या सळईवर दाबून बसतो. म्हणून १२५ च्या स्लॅबमध्ये एका जागी दोनपेक्षा जास्त पाइपांची ओलांडणी कधीच नको. ती दोनांची ओलांडणीसुद्धा शक्यतो वरची जाळी नसलेल्या भागात घ्या. वरच्या सळया बीमजवळ असतात, खोलीच्या आतल्या भागात जागा मोकळी मिळते.

डीबीजवळ आठ-दहा पाइप एकाच रेषेत शेजारी शेजारी आले तर त्या पट्ट्यात काँक्रीट जवळजवळ उरतच नाही. २५ मिमीच्या पाइपांत मध्यापासून मध्यापर्यंत ७५ मिमी ठेवा. म्हणजे दोन पाइपांमध्ये ५० मिमीची मोकळी जागा मिळते आणि २० मिमीची खडी आरामात खाली उतरते. जागा पुरत नसेल तर पाइप दोन वेगवेगळ्या बाजूंनी डीबीकडे आणा, काही लाइनी भिंतीतून न्या किंवा वरच्या मजल्याला वेगळा डीबी द्या. वेगळा डीबी थोडा महाग पडतो, पण मोठ्या घरात तोच उपाय मला सर्वांत पटतो.

जादा पाइपही आत्ताच ठरवा. मीटरपासून पार्किंगपर्यंत गाडी चार्जिंगसाठी एक, गच्चीवरच्या सोलरपासून खाली एक, हॉलमधून अभ्यासाच्या खोलीत इंटरनेटसाठी एक. सोलरची लाइन स्लॅबमध्ये फिरवू नका. ती डक्टमधून सरळ खाली येऊ द्या.

तपासा: सळईच्या नकाशावर पाइपांचे मार्ग, ओलांडण्याच्या जागा आणि बीममधून खाली उतरणारे पाइप दिसतात का? त्यावर आरसीसी कन्सल्टंटची सही आहे का? नसेल तर टप्पा २ सुरू करू नका.

टप्पा २ : सामान

बुधवार पेठेत तपकीर गल्लीत किंवा तुमच्या जवळच्या दुकानात गेलात की आधी पाइपावरचा छाप वाचा. आयएसआयची खूण आणि आयएस ९५३७ भाग ३ हा क्रमांक हवा. दुकानात हलका, मध्यम आणि जड असे तीन प्रकार मिळतात, बोलताना एलएमएस, एमएमएस, एचएमएस. स्लॅबसाठी मध्यम किंवा जडच. हलका पाइप भिंतीतल्या झिरीत निभावतो, पण स्लॅबवर त्यावरून पंधरा माणसं चालतात.

आकार २५ मिमी धरा. २० मिमीचा पाइप फक्त एका पॉइंटपर्यंतच्या छोट्या लाइनीला. पाइपात किती वायरी मावतात यावर वाद घालण्यापेक्षा केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या तपशीलपत्रकातले आकडे पाळावेत. वळणं असलेल्या २५ मिमीच्या पाइपात १.५ चौमिमीच्या ८ वायरी, २.५ च्या ६, ४ चौमिमीच्या ५. वीस मिमीच्या पाइपात हेच आकडे ४, ३ आणि २ वर येतात. यात अर्थची वायरही मोजायची, हे बरेच जण विसरतात.

बाकी सामान असं: छतासाठी खोल जंक्शन बॉक्स, पंख्यासाठी हुक असलेला बॉक्स, कपलर, सॉल्व्हेंट, टोकं बंद करायला कॅप, बॉक्समध्ये भरायला थर्माकोल, चिकटपट्टी, बाइंडिंग वायर. पंख्याच्या हुकाची सळई किमान १२ मिमीची घ्या आणि तिचे पाय स्लॅबच्या सळईखालून अडकतील इतके लांब हवेत. नुसत्या बॉक्सला लटकवलेला पंखा हा थेट धोका आहे.

इशारा: नालीदार लवचीक पाइप स्लॅबमध्ये नको. तो मालाच्या वजनाने चपटा होतो आणि आतल्या कंगोऱ्यांमुळे वायर अडकते. आणि पाइपाशिवाय नुसती वायर काँक्रीटमध्ये गाडायची नाही, अगदी दोन फुटांसाठीही नाही.

वायरी आत्ता घेऊ नका. प्लास्टर होईपर्यंत त्या साइटवर पडून राहतात, खराब होतात, चोरीलाही जातात.

टप्पा ३ : सेंटरिंगवर खुणा

सेंटरिंग (स्लॅब ओतायचा फळ्यांचा साचा) लेव्हलला आलं, फळ्यांना तेल लागलं, की सळई पसरण्याआधी वायरमनला बोलवा. त्या वेळी फळी मोकळी असते आणि मोजमाप अचूक होतं.

पंख्याची जागा काढताना घोळ होतो तो असा, की खाली भिंती अजून उभ्याच नसतात. लोक बीमच्या आतल्या कडांपासून मोजतात, आणि भिंत बीमच्या मध्यावर नसून एका कडेला आली की पंखा खोलीच्या मध्यात राहत नाही. मोजमाप कॉलमच्या रेषेवरून घ्या, भिंत कुठे येणार आणि तिच्या प्लास्टरची जाडी किती तेही धरा, मग कर्ण टाकून मध्य काढा. पातं कपाटाच्या दारापासून आणि माळ्यापासून लांब फिरेल ना, हे इथेच बघा. साधा पंखा १२०० मिमीचा असतो, म्हणजे मध्यापासून ६०० मिमी.

खूण ऑइल पेंटने करा. खडूची खूण तेलावर आणि पायांखाली टिकत नाही. दिव्याला एक रंग, पंख्याला दुसरा, भिंतीत उतरणाऱ्या पाइपाला तिसरा.

बाथरूमचा खोलगट स्लॅब असेल तर त्याच्या हद्दीतून एकही पाइप जाऊ देऊ नका. त्या भागात नळाचे पाइप, वॉटरप्रूफिंग आणि पुढच्या वीस वर्षांची संभाव्य गळती आहे. गिझरची लाइन बाहेरच्या भिंतीवरून फिरवा.

टप्पा ४ : सळई आणि पाइप यांचा क्रम

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून हा टप्पा हळू वाचा.

क्रम ठरलेला आहे. खालची जाळी बांधायची, तिच्याखाली कव्हर ब्लॉक लावायचे, मग बॉक्स बसवायचे, मग पाइप, आणि सर्वांत शेवटी वरची जाळी आणि बीमजवळच्या जादा सळया. पाइप या दोन जाळ्यांच्या मध्येच हवा. खालच्या जाळीच्या खाली पाइप गेला तर सळईला कव्हर उरत नाही, पाइपाच्या रेषेत काँक्रीटचा पातळ पापुद्रा राहतो आणि तो पहिल्या उन्हाळ्यातच सुटतो. वरच्या जाळीच्या वर गेला तर गच्चीवरून पाणी थेट पाइपात शिरायला वाट मिळते.

हे जमण्यासाठी सेंटरिंगवाला, फिटर (सळई बांधणारा) आणि वायरमन या तिघांच्या वेळा जुळाव्या लागतात. फिटरला दोन दिवस आधी सांगा, की खालची जाळी झाली की अर्धा दिवस थांब. हा अर्धा दिवस कोणी मागत नाही म्हणून मिळत नाही. मागितला तर मिळतो, आणि फिटरचं त्यात नुकसानही नाही. त्या वेळात तो बीमच्या रिंगा बांधू शकतो.

बॉक्स बसवताना खाली सळई आली तर बॉक्स इकडेतिकडे सरकवा. ५० मिमीने दिवा सरकला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. पंख्याचा बॉक्स हलवता येत नसेल तर सळई किंचित बाजूला घ्यायची की तिथे जादा सळई द्यायची, हे कन्सल्टंट ठरवेल. वायरमनने हातात ग्राइंडर घ्यायचा नाही.

पाइप टाकताना सळईशी त्याचं नातं पाहा. पाइप सळईला चिकटून लांबवर समांतर गेला तर त्या लांबीत सळईच्या एका बाजूला काँक्रीट लागतच नाही, आणि सळई काँक्रीटला धरून राहण्याची ताकद कमी होते. म्हणून पाइप सळया ओलांडत जाऊ द्या. समांतर न्यायचाच असेल तर दोन सळयांच्या बरोबर मध्ये.

पाइप साधारण दर मीटरला आणि बॉक्सच्या दोन्ही बाजूंना बाइंडिंग वायरने बांधा, पण आवळून चपटा करू नका. वळण स्प्रिंग घालून हाताने द्या, त्रिज्या किमान ७५ मिमी. बाजारात मिळणारा काटकोनी छोटा एल्बो स्लॅबमध्ये वापरला की वायर तिथे अडते आणि ओढताना तिचं आवरण सोलतं. दोन बॉक्सच्या मध्ये दोनपेक्षा जास्त काटकोनी वळणं होत असतील तर मध्ये आणखी एक बॉक्स द्या.

आता बीम आणि कॉलम. भिंतीतल्या स्विचबोर्डासाठी पाइप बीममधून खाली उतरवावा लागतो. एकेक पाइप वेगळा उतरवा, दोन पाइपांत अंतर ठेवा, आणि बीम जिथे कॉलमला मिळतो तो भाग टाळा. तिथे रिंगा दाट असतात आणि भारही सर्वांत जास्त असतो. बीम आडवा ओलांडायचाच असेल तर त्यासाठीची स्लीव्ह उंचीच्या मधल्या तिसऱ्या भागात आणि कन्सल्टंटने दाखवलेल्या जागीच. कॉलममधून पाइप नाही, कॉलमच्या कव्हरमध्ये स्विचबॉक्सही नाही. आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत पुणे भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात आहे, आणि भूकंपात इमारत तगते ती कॉलम आणि त्यांच्या सांध्यांवर. स्विच दाराच्या डाव्या बाजूऐवजी उजव्या बाजूला गेला तर काही बिघडत नाही.

तपासा: वरची जाळी बांधण्याआधी संपूर्ण स्लॅबवर एक फेरी मारा. कुठे तीन पाइप एकावर एक आहेत का, कुठे सळई कापली आहे का, कव्हर ब्लॉक पाइपाच्या वजनाने सरकले आहेत का, हे फक्त आत्ताच दिसतं.

टप्पा ५ : टोकं आणि तोंडं बंद करणं

प्रत्येक जोड सॉल्व्हेंटने चिकटवा. नुसता दाबून बसवलेला कपलर व्हायब्रेटर (काँक्रीट हलवून घट्ट बसवणारं यंत्र) लागला की सुटतो आणि सिमेंटचं पाणी आत शिरतं. ते पाणी पाइपात सुकलं की दगड होतो, आणि वायर ओढायची कोणतीही स्प्रिंग त्यातून जात नाही.

बॉक्समध्ये थर्माकोल किंवा ओला कागद गच्च भरा, तोंडावर चिकटपट्टी लावा आणि बॉक्स फळीला खिळ्यांनी घट्ट करा. बॉक्स फळीपासून उचलला गेला तर तो छतात हरवतो आणि नंतर छत ठोकून शोधावा लागतो. बीममधून खाली उतरलेल्या पाइपाचं टोक फळीच्या खाली वीतभर बाहेर काढा आणि त्याला कॅप लावा. वरच्या मजल्यासाठी वर काढलेल्या टोकांनाही कॅप. त्यात पावसाचं पाणी जातं, शिवाय मजूर विडीची थोटकं आणि खडी टाकतात.

शेवटच्या गच्चीच्या स्लॅबमधून उघड्यावर पाइप वर काढू नका. तिथे पुढे ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा वॉटरप्रूफिंगचा थर) येणार आहे आणि पाइपाभोवतीची फट हीच गळतीची पहिली जागा ठरते. टाकीची किंवा सोलरची लाइन जिन्याच्या टोपीतून बाहेर काढा.

पुण्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात उघडे पाइप मऊ पडून वाकतात. उन्हाळ्यात पाइप टाकल्यावर स्लॅब दोन-तीन दिवसांत भरला जाईल असं बघा, नाहीतर वर ओली पोती टाका.

टप्पा ६ : भरण्याच्या आदल्या दिवशी

पोअर कार्डावर (स्लॅब भरण्याआधीच्या तपासणीच्या कागदावर) बहुतेक साइटवर सळई आणि सेंटरिंग यांचेच रकाने असतात. त्यात विद्युत पाइपांचा रकाना घाला आणि वायरमनसह साइट इंजिनिअरची सही घ्या. सही आदल्या दिवशी दुपारी व्हायला हवी. सकाळी आरएमसीची (तयार काँक्रीटची) गाडी दारात उभी असताना कोणी काही बदलत नाही.

प्रत्येक पाइपातून स्प्रिंग घालून बघा. नाही गेली तर आत्ता दहा मिनिटांचं काम आहे. मग फोटो काढा. पण नुसते फोटो उपयोगाचे नाहीत. कॉलमपासून पाइपापर्यंत टेप धरून, टेपचा आकडा वाचता येईल असा फोटो काढा, प्रत्येक खोलीचा वेगळा. पुढे कोणी छताला ड्रिल मारेल तेव्हा याच फोटोंवर विसंबावं लागणार आहे.

टप्पा ७ : स्लॅब भरताना

वायरमनचा एक माणूस शेवटपर्यंत हजर हवा, हातात कपलर आणि सॉल्व्हेंट घेऊन. पंपाचं तोंड पाइपांच्या जुडग्यावर धरायचं नाही. व्हायब्रेटरची सुई पाइपाला टेकवायची नाही, पण पाइपांच्या शेजारी, विशेषतः डीबीजवळच्या गर्दीत, नीट फिरवायची. तिथेच काँक्रीट पोकळ राहतं. माणसांना चालायला फळ्या टाका.

पाइप फुटला तर काम थांबवा. तुटका भाग कापून काढा आणि कपलरने जोडा. चिंधी गुंडाळून पुढे जाणारे खूप आहेत, आणि ती चिंधी सिमेंटचं पाणी थांबवत नाही.

दुसऱ्या दिवसापासून आळी (छोटे बांध) करून पाणी साठवाल, तेव्हा वरच्या कॅपा जागेवर आहेत ना ते पुन्हा बघा.

टप्पा ८ : सेंटरिंग काढल्यावर

आयएस ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटच्या स्लॅबचे टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) ७ दिवस आणि त्याहून मोठ्याला १४ दिवस ठेवायचे. सेंटरिंग निघालं की प्लास्टरची वाट न बघता लगेच सगळे बॉक्स उघडा आणि पुन्हा स्प्रिंग घाला. बंद निघालेल्या पाइपावर लाल खूण करा आणि नकाशावर नोंद करा.

बंद पाइपासाठी छताला झिरी मारायची नाही. छताच्या खालच्या बाजूला अवघं २० मिमी कव्हर आहे, आणि झिरी खोल गेली की कटरचं पातं थेट मुख्य सळईवर येतं. त्याऐवजी शेजारच्या बॉक्समधून दुसरी वाट शोधा, लाइन भिंतीतून फिरवा, केसिंग-कॅपिंग (वरून लावायची झाकणाची पट्टी) लावा किंवा त्या खोलीत फॉल्स सीलिंग करा.

भिंतीतल्या झिरीलाही आयएस १९०५ ची मर्यादा आहे. उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांश आणि आडवी एक षष्ठांश खोल, याहून जास्त नाही. २३० मिमीच्या भिंतीत आडवी झिरी जेमतेम ३८ मिमी होते. चार इंची भिंतीत ती २० मिमीसुद्धा होत नाही, म्हणजे २५ मिमीचा पाइप तिथे आडवा बसतच नाही. पाइप वरून उभा खाली आणा. झिरी कटरने आखून मग छिन्नीने काढा. नुसत्या छिन्नी-हातोड्याने पलीकडचं प्लास्टर फुटतं.

टप्पा ९ : वायर ओढणं आणि चाचणी

प्लास्टर सुकल्यावर आधी पाइपातलं पाणी आणि कचरा हवेने काढा, मग वायर ओढा. फेजला लाल, पिवळा, निळा, न्यूट्रलला काळा, अर्थला हिरवा. पाइप पीव्हीसीचा असल्याने तो अर्थचं काम करत नाही, म्हणून प्रत्येक सर्किटबरोबर अर्थची वायर हवीच. दोन सर्किटचे न्यूट्रल एकत्र करू नका, नाहीतर आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) कारणाशिवाय पडत राहतो आणि कंटाळून लोक तो काढून टाकतात. जोड फक्त बॉक्समध्ये, पाइपात एकही नाही.

दिवे आणि उपकरणं लावण्याआधी ५०० व्होल्ट डीसी मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राने) इन्सुलेशन तपासा. फेज आणि अर्थ, न्यूट्रल आणि अर्थ, फेज आणि न्यूट्रल, प्रत्येक सर्किटला किमान १ मेगाओहम आला पाहिजे. नव्या वायरिंगला आकडा याच्या कितीतरी वर येतो. जेमतेम एक आला तर पाइपात पाणी आहे किंवा कुठेतरी आवरण सोललं आहे. अर्थची वायर शेवटच्या सॉकेटपर्यंत अखंड आहे का ते वेगळं तपासा. घरातल्या सर्किटांवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवा आणि त्याचं टेस्ट बटण दाबून बघा.

महावितरणच्या नव्या जोडणीसाठी परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो. आकडे न मोजता नुसती सही करून देणारे भेटतील. त्यांना मेगर घेऊन घरी बोलवा आणि समोर मोजायला लावा. इमारत १५ मीटरपेक्षा उंच असेल तर विद्युत निरीक्षकांची परवानगीही लागते, तिची कागदपत्रं बिल्डरने लवकर हलवायला हवीत.

फ्लॅटमध्ये नूतनीकरण करणाऱ्यांसाठी

तुमच्या डोक्यावरचा स्लॅब वरच्यांची जमीन आहे, तो एकट्याचा नाही. त्याला झिरी मारण्याची परवानगी सोसायटीही देऊ शकत नाही.

बाणेर, वाकड, हिंजवडी भागातल्या बऱ्याच उंच इमारती ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या आहेत, ज्यांना सगळे मायवान म्हणतात. तिथे भिंतीसुद्धा काँक्रीटच्या आणि भार घेणाऱ्या असतात, त्यामुळे भिंतीलाही झिरी नाही. नवा पॉइंट हवा असेल तर केसिंग-कॅपिंग, फॉल्स सीलिंग किंवा फर्निचरच्या मागून लाइन. काही इमारतींत स्लॅब पोस्ट-टेन्शनचे असतात. आतल्या तारा प्रचंड ताणलेल्या असतात, एखादी कापली गेली तर ती झटक्याने सुटते आणि स्लॅबची ताकद त्या भागात एकदम घटते. तिथे साधा ड्रिल मारण्याआधीही बिल्डरकडून तारांचा नकाशा मागवा, आणि नकाशा मिळत नसेल तर स्कॅन करून देणाऱ्याला बोलवून तारांच्या जागा छतावर आखून घ्या.

इंटिरिअरवाल्याशी करार करताना एक ओळ लिहून घ्या: स्लॅब, बीम, कॉलम यांना झिरी किंवा छेद मारायचा नाही, मारल्यास दुरुस्तीचा आणि कन्सल्टंटच्या तपासणीचा खर्च त्याचा.